ब्लूज वाजवतोय आणि काका म्हणतात "धानी छान वाजवलास", नक्की काय चुकतंय?

सॅक्सवाला_सांगली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीचा, दिवसा मार्केट यार्डात हिशेब लिहितो आणि लग्नसराईत बँडमधून ऑल्टो सॅक्स वाजवतो. घरात वाजवणं आधीपासूनच आहे, काका चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवतात, माझं सगळं शिक्षण त्यांच्याकडंच, म्हणजे आधी सरगम, मग पलटे, मग गाणी, कागद समोर ठेवून वाजवायची सवय नाही. गेल्या वर्षापासून आम्ही चौघं दर रविवारी रात्री एका ओळखीच्या हळदीच्या गोडाऊनमध्ये जमतो (घरी गेल्यावर रुमाल पिवळा). ड्रमवाला आमच्याच बँडचा, बास गिटारवाला मिरजेच्या चर्चमध्ये वाजवतो, कीबोर्डवाला ऑर्केस्ट्राचा आणि जॅझचा किडा त्यालाच पहिल्यांदा चावला. सध्या बारा बारचा ब्लूज चाललाय (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा), काळी पाचमध्ये, म्हणजे बी फ्लॅट.

खाली क्लिप टाकलीय, मोबाईलवरच रेकॉर्ड केलीय, माझा सोलो १:१० पासून. मला वाटलं भारी झालंय. काकांना ऐकवली, त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "धानी छान वाजवलास, पण पंचमावर फार रेंगाळतोस." धानी हा आपला राग, आता काय बोलायचं!

एक ऑनलाइन कोर्स पण घेतला होता, पाच हजार भरले, पहिल्याच धड्यात मायनर पेंटाटोनिक दिली आणि सांगितलं की या पाच सुरांत राहा, काहीही वाजवलं तरी चुकणार नाही. चुकत नाही हे खरंय, पण जॅझ पण होत नाहीये. सरगममध्ये विचार करणं सोडून द्यावं का? का अजून कुठली तरी स्केल शिकायची राहिलीय?

कीबोर्ड_कोथरूड

क्लिप दोनदा ऐकली. आधी चांगलं सांगतो, टोन फार सुंदर आहे तुझा, क्लॅरिनेटच्या घरातला आहेस ते ऐकू येतं. आणि काका शंभर टक्के बरोबर आहेत. मायनर पेंटाटोनिक म्हणजे सा ग म प नि, ग-नि कोमल, म्हणजे धानीचेच सूर. तू धानीच वाजवलास, फक्त मागे ब्लूज चालू होता.

सरगम अजिबात सोडू नकोस, तीच तुझी ताकद आहे. अडचण अशी आहे की रागात खाली तानपुरा असतो, तो हलत नाही. इथे खालची जमीन हलते. सा तोच राहतो, पण कीबोर्डवाला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलतो तेव्हा कुठला सूर "घरी आल्यासारखा" वाटणार ते बदलतं. तू पूर्ण सोलोत तेच पाच सूर घेतलेस, त्यामुळे कॉर्ड बदलली हे तुझ्या वाजवण्यातून कळतच नाही. मागचं सगळं म्यूट केलं तर मी कुठल्या बारवर आहे हे मला सांगता येत नाही.

आता काळी पाचला सा धर आणि बघ कॉर्डमध्ये काय आहे:

सा ची कॉर्ड: सा, शुद्ध ग, प, कोमल नि
म ची कॉर्ड: म, शुद्ध ध, सा, कोमल ग
प ची कॉर्ड: प, शुद्ध नि, रे, म

प्रत्येक कॉर्डमधला दुसरा आणि चौथा सूर महत्त्वाचा, कॉर्डचा चेहरा तिथे असतो, सा आणि प तर बासवाला वाजवतोच आहे. आता गंमत बघ, सा वरून म ला जाताना शुद्ध ग फक्त एक पाऊल खाली उतरून कोमल होतो आणि कोमल नि एक पाऊल उतरून शुद्ध ध होतो. दोन सूर, दोघंही अर्धा अर्धा स्वर खाली. बस, एवढ्यात श्रोत्याला कळतं की काहीतरी वळलं.

पहिल्या चार बारला सा ची कॉर्ड, ५-६ ला म, ७-८ परत सा, ९ ला प, १० ला म, ११-१२ सा (शेवटच्या बारला कधी कधी परत प येतो, ते नंतर बघू). आता एक आठवडा सोलो वाजवायचाच नाही. फक्त लांब सूर, एका कॉर्डला एक:

ग – कोमल ग – ग – म – कोमल ग – ग

हे हातात बसलं की दुसरी ओळ:

कोमल नि – ध – कोमल नि – शुद्ध नि – ध – कोमल नि

आधी गा, मग वाजव. काकांकडे शिकलायस म्हणजे गाता येतंच. या दोन ओळी झोपेत म्हणता आल्या की मग मधल्या जागा धानीने भर, हरकती घे, काहीही कर, पण बार बदलताना त्या सुरावर उतर. नवीन स्केल काहीही शिकू नकोस आत्ता. लोक बारा मोड (स्केलचे प्रकार) पाठ करतात आणि एकाही कॉर्डवर नीट उतरत नाहीत, मी स्वतः चार वर्षं त्यातच घालवली.

आणि कोमल ग वाईट आहे असं नाही हां, ब्लूजचा जीवच तो आहे. पण तो शुद्ध ग शेजारी असला की खुलतो. कोमल ग वरून शुद्ध ग ला हळूच मींड घे, सॅक्सवर ओठाने होते, तुला शिकवायला नको.

रिमझिम७८

काका कमाल आहेत. पुढच्या वेळी काकांचं क्लॅरिनेट टाका.

ठेकेदार

मी तबलेवाला, पखवाजही थोडा, कॉर्डबिर्ड मला कळत नाही त्यामुळे वरचं सगळं बरोबर आहे असं धरून चालतो. पण मला क्लिपमध्ये वेगळंच ऐकू आलं. सूर बाजूला ठेव, तुझी लय जॅझची नाहीये.

पहिलं म्हणजे हिशेब. बारा बार, प्रत्येकात चार मात्रा, झाल्या अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस म्हणजे तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं! आणि आता वर कीबोर्डवाल्यांनी दिलंय ते त्यावर ठेवून बघ. दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर (पहिल्या मात्रेवर) म ची कॉर्ड येते. तिसऱ्या आवर्तनाच्या समेवर प ची. आणि दोन्ही वेळा खालीला (नवव्या मात्रेला) परत सा. हे बघून मी खुर्चीतून उठलो अक्षरशः. म्हणजे तुला बार मोजत बसायची गरजच नाही, तीन आवर्तनं मनात चालू ठेव, सम आणि खाली तुला कॉर्ड सांगतील. आपल्याकडचा कुठलाही वाजवणारा हे पाच मिनिटांत पकडेल, कोर्सवाले उगाच एक दोन तीन चार मोजायला लावतात.

दुसरं, तू प्रत्येक वाक्य समेपासून सुरू करतोस. १:१० पासून ऐक, नऊ वाक्यं आहेत, त्यातली आठ बारच्या एकवर सुरू होतात. मिरवणुकीत वाजवायची सवय आहे ती, तिथे पायाला एक लागतो, बरोबरच आहे. इथे एक सोडून दे. दीड मात्रा थांब आणि मग घुस.

तिसरं, स्विंग. मात्रेचे दोन सारखे तुकडे नाहीत, तीन तुकडे कर, पहिले दोन जोड, तिसरा सुटा. दाSदा दाSदा. लय वाढली की हे आपोआप सपाट होत जातं, पण तुमची लय मध्यम आहे, त्यामुळे ऐकू यायला पाहिजे. तुमचा ड्रमवाला करतोय, तू करत नाहीयेस, म्हणून तुम्ही दोघं वेगवेगळ्या गावात राहताय असं वाटतं.

टाळी दोन आणि चारला द्यायची, एक आणि तीनला नाही. मेट्रोनोम लावलास तर तो पण दोन-चारला वाजतोय असं धर. पहिले दोन दिवस डोकं फिरेल.

सॅक्सवाला_सांगली

बापरे, एका रात्रीत एवढं. तीन आवर्तनांचं काकांना सांगितलं, ते लगेच मांडीवर ताल धरून बसले आणि "मग हे सोपंय की रे" म्हणाले, मला वर्ष लागलं आणि ह्यांना सोपं 😄

एक शंका, ऑल्टोची पट्टी वेगळी, काळी पाच ऐकू यायला मी जी वाजवतो, तर सा जी ला धरायचा ना? का कीबोर्डवाल्याबरोबर बोलताना गोंधळ होतो म्हणून मी पण बी फ्लॅट म्हणायचं?

कीबोर्ड_कोथरूड

बोटांना जी, तोंडाने काळी पाच. सरगममध्ये विचार करायचा हाच तर फायदा, बोलताना गोंधळ नाही. ऑर्केस्ट्रात पण असंच चालतं ना.

सवाई_श्रोता

माफ करा पण मला हे सगळं पटत नाही. धानी हा राग आहे, स्केल नाही. पाच सूर जुळले म्हणून राग होत नाही, त्याचं चलन असतं, सुरांची ठरावीक चाल. उगाच दोन्हीची भेळ करून ना धड राग राहतो ना धड जॅझ. दोन गंधार दिसले की लगेच कोणीतरी येऊन म्हणेल राग जोग आहे. मुलाने एकतर काकांकडे नीट शिकावं नाहीतर जॅझ जॅझसारखं शिकावं.

ठेकेदार

जोग कोणी म्हटलंच नाही अजून, तुम्हीच म्हणालात 😀

कीबोर्ड_कोथरूड

@सवाई_श्रोता चलनाचा मुद्दा मान्य. मी सूर ओळखायला सरगम वापरतोय, राग मांडायला नाही. पण तो लहानपणापासून सरगममध्ये ऐकतो, त्याच्या कानाला तीच भाषा येते, ती काढून घेऊन त्याला इंग्रजी अक्षरं दिली तर तो परत पहिलीत बसणार. का बसवायचं?

मडगावचो_ट्रंपेट

माझं मराठी कोकणी मिक्स येणार, चालवून घ्या.

सवाई भाऊ, भेळ आधीच झाली, सत्तर-ऐंशी वर्षं झाली. गोव्याच्या चर्चच्या शाळेत पोरं सोल्फेज (तिकडची सरगम) आणि व्हायोलिन शिकायची, तिथून बोटीने मुंबईला जायची, रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि दिवसा फिल्म स्टुडिओत. हळदोण्याचे चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, ट्रंपेट वाजवायचे आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांत तो स्विंग कोणी आणला वाटतं तुम्हाला? सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर, पुणतांब्याचे. १९५१ च्या अलबेलामध्ये चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावर पण दिसतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर रागांवर ऑर्केस्ट्रा लिहायचे, १९५८ मध्ये मोठा वाद्यवृंद घेऊन मुंबईत सेंट झेवियर्सच्या आवारात कार्यक्रम केला. नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस सॅक्सवर राग आणि जॅझ दोन्ही एकत्र वाजवायचे. ते लोक वाचून वाजवत आणि कानाने पण वाजवत, म्हणून दोन्हीकडे चालले.

सांगलीवाल्याला माझं सांगणं दोन. एक, वाचायला शीक, रोज दहा मिनिटं, वर्षभरात येतं. कान आहे तो जाणार नाही, मी हमी देतो. दोन, जीभ. तू प्रत्येक सुराला जीभ लावतोस, तू-तू-तू-तू, बँडमध्ये ते लागतं कारण रस्त्यावर आवाज कापत जायला पाहिजे. जॅझमध्ये जीभ आघाताच्या सुराला नाही लावायची, त्याच्या आधीच्या छोट्या सुराला लावायची आणि तिथून मोठ्या सुरावर सरकायचं. ठेकेदारने दाSदा लिहिलंय ना, त्यातला शेवटचा छोटा "दा" जिभेने, मग पुढचा मोठा त्याला चिकटून. सावकाश कर. पलटे तुला पाठ आहेत, तेच पलटे या जिभेने वाजव, दुसरा रियाज नको.

धोबीतलाव_ते_डोंबिवली

थ्रेड वाचून जुने दिवस आठवले म्हणून लिहितोय, शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही, मी फक्त ऐकणारा. १९७८ ला मुंबईत पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, झाली तेव्हा मी कॉलेजात होतो, रंगभवनला, उघड्यावर, मागच्या बाजूला बसून ऐकलंय. अमेरिकेचा सॅक्सवाला सॉनी रॉलिन्स आला होता. मला तेव्हा जॅझमधलं काहीच कळत नव्हतं, आईबरोबर नाट्यसंगीत ऐकून वाढलेलो, पण तो माणूस एकच छोटं वाक्य घ्यायचा आणि उलटंपालटं करून, तोडून, परत जोडून दहा मिनिटं त्याच्याशीच खेळत बसायचा, आणि मला वाटलं अरे हे तर रागाची बढतच आहे की, हळूहळू फुलवत नेणं. शेजारी बसलेल्याला म्हणालो पण, तो हसला. आता रंगभवन सायलेन्स झोनमध्ये गेलं, तिथे तसलं काही होत नाही, जाऊ दे.

त्याच्याही वीस वर्षं आधी, १९५८ ला, जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत आले होते तेव्हा सतारवादक हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवलं होतं. म्हणजे भेळ जुनीच आहे.

आणि सांगलीकर, गोडाऊन मिळालंय ते नशीब समजा. रॉलिन्स १९५९ ते ६१ कार्यक्रम सोडून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करायचा, घरी वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून. तुमच्याकडे आयर्विन पूल आहेच 😊

सॅक्सवाला_सांगली

आयर्विनवर वाजवलं तर पोलिसांच्या आधी काकाच येतील ओ.

न्यूजर्सीचा_नाना

इथे एका कम्युनिटी कॉलेजच्या जॅझ ग्रुपमध्ये सात वर्षं गिटार वाजवतोय, वयाच्या पन्नाशीत सुरू केलं. वर सगळं चांगलं सांगितलंय, मी दोनच गोष्टी टाकतो ज्या कोणी सांगत नाही आणि मी अपमान करून घेऊन शिकलो.

पहिली, जॅममधले (सगळ्यांनी मिळून आयत्या वेळी वाजवायच्या बैठकीतले) नियम. पीस कुठला आणि पट्टी कुठली हे सुरू करायच्या आधी सगळ्यांना सांगायचं. नवीन असाल तर सोलोच्या दोन फेऱ्या (ब्लूजमध्ये बारा बारची एक) घ्या आणि बाजूला व्हा, जास्तीत जास्त तीन. मी पहिल्या जॅमला सात घेतल्या होत्या, ड्रमवाल्या आजींनी (होय, आजी) मला नंतर कॉफी पाजून समजावलं. सोलो संपत आला की पुढच्याकडे बघा, मान वर करून इशारा करा. कोणी डोक्यावर टकटक केलं तर त्याला खाज सुटलेली नसते, मुखड्यावर परत चला असा अर्थ असतो. दुसरा वाजवत असताना मधे मधे हरकती टाकू नका. आणि चार-चार बार वाटून घेतले की तो सरळ सवाल-जवाब, ते तुम्हा लोकांना उत्तम जमेल.

दुसरी, ब्लूज बसला की ट्रंपेटवाल्या माईल्स डेव्हिसचं १९५९ मधलं सो व्हॉट घ्या. त्यात कॉर्ड जवळजवळ हलतच नाही. बत्तीस बार, म्हणजे ठेकेदारांच्या हिशेबाने तीनतालाची आठ आवर्तनं: चार आवर्तनं पांढरी दोनचा काफी, दोन आवर्तनं काळी दोनचा काफी, परत दोन पांढरी दोनचा. इथे मात्र सा खरोखर अर्धा स्वर वर सरकतो, ब्लूजसारखा एकच सा ठेवून चालणार नाही. माईल्सचा त्यातला सोलो जसाच्या तसा गायला शिका, सॅक्स हातात न घेता. सूर फार कमी आहेत आणि किती वेळ गप्प बसतो ते बघा. तुमच्याकडे गुरूच्या मागून म्हणायची पद्धत आहे ना, तेच, फक्त गुरू रेकॉर्डवर.

सवाई_श्रोता

थाट काफी, म्हणजे नुसता सुरांचा संच. राग काफी नव्हे.

न्यूजर्सीचा_नाना

थाट, थाट. चूक झाली, कान धरले.

सॅक्सवाला_सांगली

तीन आठवड्यांनी येतोय, मधे लग्नाच्या सुपाऱ्या होत्या, रोज दोन दोन वराती, ओठ सुजले होते.

जमेल तसं केलं. पहिला आठवडा फक्त त्या दोन ओळी, ग – कोमल ग – ग वाली घरात सगळ्यांना पाठ झाली, बायको भाकरी थापताना म्हणते. दोन-चारच्या टाळीने खरंच डोकं फिरलं, एका वरातीत मी दोनवर पाय आपटत होतो आणि मागचा ढोलवाला माझ्याकडे बघत होता की ह्याला काय झालं. जिभेचं अजून पूर्ण बसलं नाही, सावकाश जमतं, लय वाढली की परत तू-तू-तू सुरू होतं.

नवीन क्लिप टाकलीय. ह्यावेळी दोनच फेऱ्या घेतल्यात, नानांना घाबरून. दुसऱ्या फेरीत दहाव्या बारला ध वर उतरायचं होतं, मी कोमल नि वर थांबलो, पण तिथून ओढत ध ला आणला आणि बासवाला लगेच हसला, म्हणजे त्याला कळलं! वर्षभरात पहिल्यांदा असं झालं की मी काय करतोय ते त्याला कळलं. त्याच्यापुढे तिसऱ्या आवर्तनाची खाली हुकली ते ऐकू येईलच.

काकांना पण ऐकवली. ह्यावेळी धानी म्हणाले नाहीत. "दोन्ही गंधार घेतलेस" एवढंच म्हणाले आणि क्लॅरिनेट काढून बसले, म्हणाले तू ते तीन आवर्तनं वाजव मागं. मी कीबोर्डवाल्याला फोन करून बोलावलं रात्री साडेदहाला.

रिमझिम७८

मग काकांची क्लिप कुठंय???

सॅक्सवाला_सांगली

रेकॉर्ड करायचं सुचलंच नाही हो.

ठेकेदार

खाली हुकली नाही, तू एक मात्रा आधी आलास, तुझ्या डोक्यात अजून बारच मोजणं चाललंय. आणि वाक्यं आता एकवर सुरू होत नाहीत, सातपैकी दोनच होती. ड्रमवाल्याला सांग दुसऱ्या फेरीत पळतोय तो, तुझ्या उत्साहाने पळतोय पण पळतोय.

कीबोर्ड_कोथरूड

दहाव्या बारचा तो ध मी पाच वेळा ऐकला. पुढच्या महिन्यात मिरजेला मेहुण्याकडे येतोय, रविवार असेल तर गोडाऊनला येऊ का? कीबोर्ड तुमच्याकडे आहेच. काळी पाच नको तेव्हा, पांढरी चार घेऊ, ऑल्टोला डी. दोन्ही ओळी त्या पट्टीत करून ठेव आणि काकांना पण सांग क्लॅरिनेट घेऊन यायला.

सॅक्सवाला_सांगली

या की. पांढरा शर्ट मात्र घालून येऊ नका.